दिव्यांग मुलांच्या दातांची निगा आणि आईवडिलांचा ताण: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

माझा मुलगा साडेपाच वर्षांचा असताना सलग तीन आठवडे रात्री दोन-अडीचच्या सुमारास उठून स्वतःच्या उजव्या गालावर चापट्या मारत असे. त्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा न राहणे) आहे, बोलता येत नाही, आणि नेमके त्याच महिन्यात त्याचे आकडीचे औषध बदलले होते. त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी, मी धरून, त्या औषधाला दोष दिला. न्यूरोलॉजिस्टकडे दोन फेऱ्या झाल्या, झोपेचे औषध सुरू करावे का यावर बोलणे झाले, सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढून पाहिली. एका सकाळी आंघोळ घालताना डोक्यावर तांब्याभर पाणी पडले तसा त्याने मोठा आ केला आणि खालची मागची दाढ मला दिसली. तिच्या मधोमध काळा खड्डा होता आणि शेजारच्या हिरडीवर तांदळाच्या दाण्याएवढा पिवळसर फोड. इतके दिवस पोराची दाढ ठणकत होती आणि आम्ही कारण त्याच्या मेंदूत शोधत होतो.

ज्यांना आपल्या मुलाचे निदान अलीकडेच कळले आहे, किंवा निदान जुने असूनही फिजिओथेरपी, शाळा आणि दवाखाने यांच्या धावपळीत ज्यांना दातांकडे पाहायला फुरसत मिळालेली नाही, अशा आईवडिलांसाठी हे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. औषधोपचाराचे निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचे आहेत. ते निर्णय घरात रोजच्या रोज कसे पार पाडायचे, एवढाच माझा विषय आहे.

सुरुवातीला: हा प्रश्न एकट्या दातांचा नाही

‘दोन वेळा ब्रश करा, गोड कमी द्या, सहा महिन्यांनी दाखवायला आणा’ हा सल्ला अगदी बरोबर आहे, पण तो कोण, किती वाजता आणि अंगात उरलेल्या कोणत्या ताकदीने पाळणार आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. मुलाला भरवायलाच पाऊण तास लागलेला असतो, धाकट्या भावंडाचा अभ्यास राहिलेला असतो आणि ब्रश तोंडाजवळ नेताच मूल मान फिरवून ओरडू लागते. अशा वेळी ‘आज राहू दे’ असे वाटणे स्वाभाविक आहे. मग मूल शांत व्हावे म्हणून हातात बिस्किट दिले जाते, तेच तोंडात ठेवून ते झोपी जाते, काही महिन्यांनी दात किडतो, दुखू लागतो, मूल आणखी चिडचिडे होते आणि घरातली झोप आणखी उडते. दुखऱ्या तोंडात ब्रश घालू न देणारे मूल आणि थकलेली आई यांची ही कोंडी कुठून तरी सोडवायला हवी, आणि माझ्या मते ती आईवडिलांच्या बाजूने सोडवायला घेतली तर लवकर सुटते.

यात अपराधी भावनेची भर पडते. आमच्या पहिल्या भेटीत एका दंतवैद्यांनी बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, ‘आई, काय अवस्था करून ठेवली आहे ही दातांची?’ त्यानंतर सात महिने मी कोणत्याच दंतवैद्याची पायरी चढले नाही आणि त्या सात महिन्यांत आणखी दोन दाढा गेल्या. त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगते: या मुलांचे दात बिघडण्याला आईच्या हलगर्जीपणाखेरीज पुष्कळ कारणे असतात. आकडीची आणि इतर औषधे बऱ्याचदा साखरेच्या पाकातली असतात. लाळ कमी करण्याच्या औषधांनी तोंड कोरडे पडते आणि दात धुऊन निघण्याची नैसर्गिक सोय जाते. जिभेच्या आणि गालाच्या स्नायूंवर ताबा नसलेल्या मुलाच्या गालात घास तासभर तसाच राहतो. पोटातले आंबट वर येण्याचा त्रास असेल तर दातांचे वरचे कवच झिजते. फेनिटॉइन या आकडीच्या औषधाने हिरड्या सुजून दातांवर चढतात. आपण कमी पडलो असे नसून हे सगळे आधीपासून आपल्या वाट्याला होते, हे नीट समजून घेतले की पुढचे काम हलके होते.

पहिली पायरी: ओठ उचलून पाहा

आजच्या आज करण्यासारखे हे एकच काम आहे. मुलाला खिडकीजवळ किंवा मोबाइलच्या उजेडात आडवे करा, स्वच्छ बोटाने वरचा ओठ वर उचला आणि पुढच्या दातांच्या मुळाशी, हिरडीच्या कडेला पाहा. खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात असते, आणि या टप्प्यावर फ्लोराइड व स्वच्छता यांच्या मदतीने ती थांबवता येते. तपकिरी किंवा काळे डाग, खड्डा, हिरडीवर फोड यांपैकी काही दिसले तर दंतवैद्यांची वेळ घ्या. दाढा पाहणे कठीण असते. मूल जांभई देताना, हसताना किंवा रडताना संधी साधावी लागते. महिन्यातून एकदा फोटो काढून ठेवला तर फरक कळतो आणि डॉक्टरांनाही दाखवता येतो.

‘दुधाचेच तर दात आहेत, पडणारच आहेत’ हे वाक्य तुम्हाला घरात किमान तीन जणांकडून ऐकावे लागेल. दुधाचे दात वीस असतात हे खरे आणि ते पडतात हेही खरे, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. सहाव्या वर्षी किडलेली दाढ आणखी पाच वर्षे दुखवत ठेवणे कोणत्याच मुलाला परवडणारे नाही, आणि ज्याला दुखते हे सांगता येत नाही त्याला तर नाहीच.

न बोलणाऱ्या मुलाचे दातदुखीचे इशारे वेगळे असतात. एकाच बाजूने चावणे, आवडता पदार्थ अचानक नाकारणे, थंड पाणी तोंडात घेताच दचकणे, लाळ एकदम वाढणे, हात चावणे, कान किंवा गाल चोळणे, डोके आपटणे, झोपेतून उठून रडणे. वागण्यात अचानक बदल झाला की तो ‘ऑटिझममुळे’ किंवा ‘सीपीमुळे’ (सेरेब्रल पाल्सीमुळे) असे म्हणून मोकळे होण्याची घाई डॉक्टरही करतात आणि आपणही. आधी तोंडात पाहून घ्या.

दुसरी पायरी: काम लहान करा आणि वाटून घ्या

ब्रश कसा करायचा याच्या आधी कोण करणार हे ठरवा. आमच्या घरात पहिली दोन वर्षे हे काम फक्त माझे होते आणि त्याचा परिणाम असा झाला की मुलगा माझा हात तोंडाजवळ आला की घास घ्यायलाही तोंड मिटून घेऊ लागला. पुढे आठवड्यातल्या तीन रात्री ब्रशची जबाबदारी त्याच्या बाबांनी घेतली. सुरुवातीला त्यांनी वाईट ब्रश केला. मी शेजारच्या खोलीत बसून ते ऐकले आणि मध्ये पडले नाही. दुसऱ्याच्या हातून होणारे अर्धेमुर्धे काम सहन करणे हा या पायरीतला सर्वांत अवघड भाग आहे, हे आधीच लक्षात घ्या.

दुसरे म्हणजे, दोन वेळांपैकी रात्रीची वेळ पक्की धरा. झोपेत लाळ कमी होते आणि दातांवर राहिलेले अन्न रात्रभर काम करते, म्हणून रात्रीचा ब्रश अधिक मोलाचा असतो. सकाळचा जमला तर करा. शाळेच्या गाडीचा भोंगा वाजत असताना ओढाताण करून करू नका. सगळे तोंड एका बैठकीत होत नसेल तर आज वरची बाजू, उद्या खालची, असेही चालवता येते. हे आदर्श नव्हे, पण रडारडीला कंटाळून ब्रश महिनाभर बंद पडण्यापेक्षा पुष्कळ बरे. आणि रात्र हाच तुमचा सगळ्यांत वाईट प्रहर असेल, तर संध्याकाळी सातला जेवण उरकून लगेच ब्रश करा. त्यानंतर पाण्याशिवाय काही द्यायचे नाही.

तिसरी पायरी: प्रत्यक्ष ब्रश

बेसिनसमोर उभे राहण्याचा आग्रह सोडून द्या. आमची पद्धत अशी आहे: मी पलंगावर भिंतीला पाठ टेकून बसते, मुलाचे डोके माझ्या मांडीवर येते, त्याच्या गुडघ्यांखाली एक उशी असते आणि डावा हात त्याच्या हनुवटीखाली. गुडघे वाकलेले असले की सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचे शरीर कमी ताठते. डोके मागे लोंबकळू देऊ नये. हनुवटी किंचित छातीकडे असली की ठसका लागण्याचा धोका कमी होतो. मूल व्हीलचेअरवर असेल तर त्याच्या मागे उभे राहून त्याचे डोके आपल्या छातीला टेकवून घेतले तरी चालते. लहान मुलासाठी दोन मोठ्या माणसांनी समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसावे, मूल एकाच्या कुशीत आणि त्याचे डोके दुसऱ्याच्या मांडीवर. दवाखान्यातही तपासणी अशीच करतात.

मग मी मोठ्याने दहापर्यंत आकडे मोजते आणि ‘दहा’ म्हणताच ब्रश बाहेर काढते, काहीही झाले तरी. पहिल्या महिन्यात त्या दहा आकड्यांत जेमतेम चार दात होत. पण ‘दहा’ नंतर खरोखर सुटका होते हे त्याला पटले, तेव्हा तो दुसऱ्या दहासाठी थांबू लागला. आता आम्ही सहा वेळा दहा मोजतो. एकदा घाईत मी ‘दहा’ नंतरही एक दाढ घासत राहिले. पुढचे चार दिवस तो पहिल्या आकड्यालाच मान फिरवत होता.

ब्रश लहान डोक्याचा आणि मऊ केसांचा घ्यावा. मुलाला स्वतः धरायचा असेल तर दांडा जाड करावा लागतो. सायकलच्या मुठीचे रबरी कव्हर त्यावर चढवले किंवा मऊ चेंडूला भोक पाडून दांडा त्यात खोचला की पकड येते. मात्र मुलाने केल्यानंतर एकदा मोठ्यांनी फिरवायचा आहेच. तोंडात ब्रश जाताच दात आपोआप घट्ट आवळले जाण्याची सवय बऱ्याच मुलांना असते. अशा वेळी ब्रश ओढू नका, मान थोडी पुढे झुकवा, थांबा, जबडा सुटतो. दातांच्या मध्ये आपले बोट कधीही घालू नका. तोंड उघडे ठेवण्यासाठी दवाखान्यात रबरी ठोकळा वापरतात. तसे काही घरी वापरायचे असेल तर ते कसे धरायचे हे दंतवैद्यांकडून हातात घेऊन शिका, कारण हलता दात असेल तर तो निखळून घशात जाऊ शकतो.

पेस्टच्या डब्यावर फ्लोराइडचे प्रमाण लिहिलेले असते, ते वाचायची सवय लावा. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतेच किंवा फारच कमी असते. साधारण १००० पीपीएमची (दहा लाख भागांत हजार भाग फ्लोराइड असलेली) पेस्ट तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरते. मूल थुंकू शकत नसेल तर याहून जास्त घेऊ नका. ब्रश झाल्यावर ओल्या फडक्याने फेस टिपून घ्या. चूळ भरली नाही म्हणून काही बिघडत नाही, उलट थोडे फ्लोराइड दातांवर राहते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या पालकांनी पेस्टचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

ऑटिझम असलेल्या मुलांची अडचण वेगळी असते. पुदिन्याची चव त्यांना तिखटासारखी झोंबते, फेस नकोसा होतो, ब्रशचे केस टोचतात. बिनचवीची आणि फेस न होणारी पेस्ट मिळते. तीही चालली नाही तर काही दिवस नुसत्या पाण्याच्या ब्रशने सुरुवात करून पेस्ट टिकलीभर वाढवत न्या. विजेरीवर चालणारा ब्रश काही मुलांना अतिशय आवडतो आणि काहींना मुळीच सहन होत नाही, म्हणून विकत घेण्याआधी शेजाऱ्यांकडचा बंद ब्रश नुसता हातात देऊन, मग मुठीवर चालवून पाहा. स्पर्शाची भीती घालवण्यासाठी आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंनी एका मैत्रिणीला जो क्रम दिला होता तो असा: आठवडाभर फक्त हाताचा पंजा आणि खांदा दाबायचा, मग गाल, मग ओठांच्या कडा, आणि त्यानंतर ओठांच्या आत बोट फिरवायचे. दाब घट्ट हवा. हलका स्पर्श गुदगुल्यांसारखा वाटून मुले जास्त बिथरतात. दिवसाचे वेळापत्रक चित्रांत लावलेले असेल तर त्यात जेवण आणि गोष्ट यांच्या मध्ये ब्रशचे चित्र लावा. मैत्रिणीची मुलगी पाचव्या महिन्यात ते चित्र स्वतः काढून बाबांच्या हातात द्यायला लागली.

मशेरी, कोळसा, मिठाची पूड असले काही मुलाच्या दातांना लावू नका. मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे. ‘दाढ बधिर होते’ म्हणून ती लहान मुलाला लावण्याची चाल अजूनही काही घरांत आहे, तिला ठाम नकार द्यावा. लवंगेच्या तेलानेही कोवळी हिरडी भाजते.

चौथी पायरी: खाऊ आणि औषधे

साखर किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा तोंडात गेली, याचा दातांवर अधिक परिणाम होतो. शिऱ्याची एक वाटी जेवणाबरोबर देऊन विषय संपवणे हे तासातासाला एक बिस्किट देण्यापेक्षा बरे.

या बाबतीत घराबाहेरही बोलावे लागते. थेरपीत आणि विशेष शाळेत शाबासकी म्हणून चॉकलेटची गोळी किंवा चिप्सचा तुकडा दिला जातो, आणि पाऊण तासाच्या सत्रात अशा दहा-बारा गोळ्या सहज होतात. थेरपिस्टशी भांडण न काढता पर्याय द्या: चुरमुरे, फुटाण्याची डाळ, चीजचा बारीक तुकडा, किंवा मुलाला आवडत असेल तर साबणाचे फुगे. गिळताना ठसका लागणाऱ्या मुलाला कोणता पदार्थ चालेल हे थेरपिस्टनाच विचारा.

औषधांच्या बाबतीत डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: हे साखरेशिवाय मिळते का, गोळीच्या रूपात देता येईल का, आणि रात्रीची मात्रा ब्रशच्या आधी देता येईल का. औषधानंतर दोन घोट पाणी पाजावे. आकडीच्या औषधाने हिरड्या सुजल्या तर ते स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे. न्यूरोलॉजिस्टशी बोला आणि तोवर स्वच्छता वाढवा, कारण स्वच्छ तोंडात ही सूज कमी राहते. उलटी झाल्यावर लगेच ब्रश न करता पाण्याने तोंड पुसून घ्यावे आणि निदान अर्धा तास थांबावे. नळीने अन्न घेणाऱ्या मुलाच्या तोंडात घास जात नसला तरी दातांवर दगडासारखा थर साचतो आणि तोंडातले जंतू श्वासाबरोबर छातीत उतरू शकतात. त्याचेही दात रोज घासायचे असतात.

पाचवी पायरी: दंतवैद्य शोधणे आणि पहिली भेट

पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत, दंतवैद्यांना दाखवावे असा संकेत आहे. ते वय उलटून गेले असेल तर खंत न करता आता जा. शक्य असेल तर बालदंतरोगतज्ज्ञ, म्हणजे बी.डी.एस. नंतर याच विषयात एम.डी.एस. केलेले डॉक्टर निवडा. शासकीय दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत, मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय आहे. या सर्व ठिकाणी मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे आणि खर्च खासगी दवाखान्याहून पुष्कळ कमी येतो. गर्दी मात्र असते. लहान गावात राहत असाल तर अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे दातांचा विषय काढा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दातांची तपासणी अंतर्भूत आहे आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची सोय आहे.

फोन करतानाच सगळे सांगून टाका: मुलाला काय आहे, तो कशाला घाबरतो, खुर्चीवर बसू शकतो की नाही. आणि विचारूनही घ्या: दाराला पायऱ्या किती आहेत, व्हीलचेअर आत जाते का. दिवसाची पहिली वेळ मागा, म्हणजे ताटकळावे लागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २५ मध्ये तपासणी व उपचारांत दिव्यांगांना प्राधान्य देण्याची तरतूद आहे; सरकारी रुग्णालयातल्या रांगेत यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र) दाखवून शांतपणे तसे सांगता येते.

पहिल्या भेटीत काही उपचार करून घेऊ नका, दुखत नसेल तर. आमच्या आताच्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी मुलाच्या हातात फक्त खुर्ची वरखाली करणारे बटण दिले. तो सात-आठ मिनिटे खुर्ची वर नेत होता आणि खाली आणत होता, डॉक्टर स्टुलावर बसून पाहत होते, आणि मग ‘चला, बाय’ म्हणून आम्ही निघालो. तिसऱ्या भेटीत तोंडात आरसा गेला. सांगणे, दाखवणे आणि मग करणे हा मुलांच्या दंतवैद्यांचा जुना क्रम आहे. जो डॉक्टर हा क्रम पाळायला वेळ देत नाही, तो कितीही नावाजलेला असला तरी तुमच्या मुलासाठी योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आवाज सहन न होणाऱ्या मुलासाठी कानांवर लावायचे हेडफोन, वरच्या दिव्यासाठी गॉगल आणि घरची चादर बरोबर न्यावी.

एका कागदावर पुढची माहिती लिहून न्या, कारण मूल रडत असताना काही आठवत नाही: निदान, वजन, सर्व औषधांची नावे आणि मात्रा, शेवटची आकडी कधी आली, कशाची ॲलर्जी आहे, याआधी भूल दिली होती का. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो. काही हृदयदोषांत दात काढण्यासारख्या उपचारांपूर्वी प्रतिजैविक द्यावे लागते, त्यामुळे हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी जवळ असू द्या. या मुलांच्या मानेचे मणके सैल असू शकतात, म्हणून मान मागे वाकवू नये हेही आवर्जून सांगा. हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) असेल तर रक्तरोगतज्ज्ञांशी बोलणे झाल्याशिवाय दात काढू देऊ नका, आणि सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलाच्या दातातला जंतुसंसर्ग अंगावर काढू नका.

सहावी पायरी: उपचारांचे पर्याय समजून घ्या

‘एवढ्या लहान मुलाला भूल द्यावी लागेल’ हे ऐकून पुष्कळ पालक घाबरून उपचार टाळतात. भूल हा शेवटचा पर्याय असतो आणि त्याआधी बरेच काही करता येते. दर तीन ते सहा महिन्यांनी दातांवर फ्लोराइड वार्निशचा लेप लावतात, त्याला दोन-तीन मिनिटे पुरतात. लागलेली कीड न कोरता थांबवणारे चांदीयुक्त औषध असते. ते ब्रशने टेकवतात, दुखत नाही, फक्त किडलेला भाग कायमचा काळा होतो. पुढच्या दातांवर ते लावायचे की नाही यावर आमच्या घरात वाद झाला होता. सासूबाई म्हणाल्या, ‘लोक काय म्हणतील?’ मी म्हटले, लोकांना रात्री अडीचला उठावे लागत नाही. किडलेल्या दुधाच्या दाढेवर न कोरता, बधिर करण्याचे इंजेक्शन न देता स्टीलची टोपी बसवण्याचीही पद्धत आहे. नाकाने नीट श्वास घेऊ शकणाऱ्या आणि मास्क सहन करणाऱ्या मुलांना शांत करण्यासाठी हसवणाऱ्या वायूचा (लाफिंग गॅस) उपयोग होतो.

मुलाचे हातपाय धरून किंवा बांधून उपचार करण्याचा प्रस्ताव कोणी मांडला, तर का, किती वेळ आणि दुसरा मार्ग नाही का, हे विचारून मगच संमती द्या. तातडीच्या वेळी ते कधी अपरिहार्य असते. रोजची सोय म्हणून ते मान्य करू नका.

बरेच दात खराब असतील आणि मूल खुर्चीवर बसूच शकत नसेल, तर पूर्ण भूल देऊन एकाच बैठकीत सगळे काम करून घेणे हे सर्वांच्या दृष्टीने अधिक माणुसकीचे ठरते. हे रुग्णालयात, भूलतज्ज्ञांच्या उपस्थितीतच व्हावे. आधी रक्ततपासणी आणि बालरोगतज्ज्ञांचा दाखला लागतो. साधारण सहा तास आधीपासून जेवण व वरचे दूध बंद, चार तास आधी अंगावरचे दूध बंद, आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत, असा नियम असतो. तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळ अंतिम समजा. सकाळची आकडीची गोळी द्यायची की नाही हे आदल्या दिवशीच विचारून घ्या. ‘एवढंसं दूध दिलं तर काय होतंय’ म्हणणाऱ्या आजीला त्या सकाळी दुसऱ्या खोलीत गुंतवून ठेवा, कारण भुलेखाली पोटातले अन्न फुप्फुसात जाणे जिवावर बेतू शकते.

खर्चाचा अंदाज लेखी मागा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून बाह्यरुग्ण खर्चात दातांच्या प्रतिबंधक उपचारांसाठीही ठरावीक रक्कम ठेवलेली आहे. योजनेत नाव नोंदवण्याआधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. मूळ बिले आणि चिठ्ठ्या जपून ठेवा, नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

सातवी पायरी, जी खरे तर रोजची आहे: स्वतःकडे पाहणे

एका रात्री मुलाने ब्रश चावून मोडला आणि मी त्याच्या पायावर जोरात फटका मारला. तो रडला नाही, नुसता माझ्याकडे पाहत राहिला. मी ब्रश तसाच टाकून गॅलरीत जाऊन उभी राहिले. हे लिहायला मला बरे वाटत नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी आज रात्री त्या गॅलरीत असेल. तेव्हापासूनचा आमचा नियम असा आहे की आवाज चढला की ब्रश थांबतो आणि हात बदलतो. दुसरा हात घरात नसेल तर त्या रात्रीपुरते ओल्या फडक्याने दात पुसून झोपायचे.

आठवड्यातून एक संध्याकाळ तरी मुलाची जबाबदारी पूर्णपणे दुसऱ्या कोणाकडे द्या. मावशी, आत्या, शेजारच्या काकू विचारतात, ‘काही मदत हवी का?’ आणि आपण ‘नको, होतंय’ म्हणतो. त्यांना नेमके काम सांगा: ‘मंगळवारी पाच ते सात त्याच्याजवळ बसाल का?’ विशेष शाळेत मुलांना सोडायला येणाऱ्या आयांचा कट्टा हाही मोठा आधार असतो. चांगल्या दंतवैद्यांचा पत्ता मला तिथेच मिळाला. दोन-तीन आठवडे सलग झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, मुलाला किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. ही केंद्र सरकारची मोफत, चोवीस तास चालणारी मानसिक आरोग्य सेवा आहे आणि मराठीतूनही बोलता येते. दंतवैद्यांनाही सांगायला हरकत नाही की सध्या माझ्याने एवढेच होते आहे. चांगला डॉक्टर त्याप्रमाणे उपचारांचा बेत हलका करतो आणि वार्निशची भेट लवकरची देतो.

फ्रीजवर चिकटवायचा कागद

आमच्या फ्रीजवर एक कागद आहे, तो घरातल्या प्रत्येकाने आणि सांभाळायला येणाऱ्या मावशींनी वाचलेला आहे. त्यावर असे लिहिले आहे: गाल किंवा जबडा सुजला आणि ताप आला, गिळता येईना, डोळ्यापर्यंत सूज गेली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. पडून दात तुटला आणि तुकडा सापडला नाही, मूल खोकू लागले, तर तुकडा श्वासनलिकेत गेला असे समजून लगेच निघावे. पक्का दात मुळासकट निघाला तर तो मुळाकडून न धरता तोंडात दिसणाऱ्या भागाने धरावा, मूळ घासू नये, थंड दुधात टाकून तासाभरात दंतवैद्यांकडे पोहोचावे. दुधाचा दात निघाला तर तो परत बसवू नये. त्याखाली दंतवैद्यांचा, बालरोगतज्ज्ञांचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या रुग्णालयाचा क्रमांक आहे. अगदी शेवटी, मुलाच्या बाबांनी वेगळ्या शाईने लिहिलेली एक ओळ आहे: ‘रात्री गालावर हात मारत असेल तर आधी टॉर्च घेऊन दाढ बघा.’